ताठरलेला अंगठा आणि रॉकर सोल : वडगावच्या एका विणकराच्या बुटाचे प्रकरण

या प्रकरणातला रुग्ण म्हणजे कोणी एक ठरावीक माणूस नव्हे. बेळगावात वडगाव, शहापूर, खासबाग या भागांत यंत्रमागावर दिवसभर उभ्याने काम करणाऱ्याच्या पायाला जे भोगावे लागते, ते एका विणकराच्या रूपाने मांडले आहे. त्यामुळे मापे, साहित्य आणि चुका क्रमाने दाखवता येतात.

वय ५१. चार मागांवर एकटा माणूस, पाळी दहा तासांची. उजव्या पायाचा अंगठा दोन वर्षांपासून दुखतो. सपाटीवर चालताना ठसठस, जिना किंवा चढ आला की कळ. येळ्ळूरच्या राजहंसगडाची चढण त्यांनी वर्षभरापूर्वीच सोडली. "चढ लागला की अंगठ्यात खिळा मारल्यागत होतंय की ओ," हे त्यांचेच शब्द, आणि निदानाचा अर्धा रस्ता तिथेच संपतो. टाच उचलताना, चढताना, उकिडवे बसताना दुखते आणि पाय सपाट ठेवून उभे राहिले की फारसे दुखत नाही, असे असेल तर दोष बहुधा अंगठ्याच्या मूळ सांध्यात असतो.

तपासणीत डावा अंगठा हाताने वर वळवला तर ६० अंश जातो, उजवा १५ अंशांवर अडतो. अडतो तो मऊ नाही, हाडाला हाड लागल्यासारखा. सांध्याच्या वरच्या बाजूला हरभऱ्याएवढा टणक उंचवटा. एक्स-रेमध्ये सांध्यातली फट अरुंद झालेली आणि वरच्या कडेला हाडाची चोच वाढलेली. एका रात्रीत लालबुंद होऊन सुजण्याचा इतिहास नाही, यूरिक ॲसिड ठीक, साखर ठीक. १० ग्रॅम दाबाला वाकणाऱ्या नायलॉन तंतूचा स्पर्श तळव्यावर सगळीकडे कळतो, पायाच्या नाड्या लागतात. ही शेवटची दोन वाक्ये कंटाळून गाळायची नसतात. तळव्याची संवेदना गेलेली असती तर सोलचा आराखडा, आतला थर, बूट घालण्याचे वेळापत्रक, सगळेच वेगळे करावे लागले असते. बधिर पायाला सोल चुकीचा बसला आहे हे कळत नाही, थेट जखम होते.

जुना बूट मागवून बघावा, हे आवर्जून सांगायचे आहे. निरोगी पायाच्या बुटावर चवड्याच्या वरची घडी जवळजवळ आडवी पडते. या विणकराच्या उजव्या बुटाची घडी तिरकी होती. अंगठ्याच्या टोकाजवळून निघून करंगळीच्या मुळामागे उतरलेली. सोल बाहेरच्या कडेला, करंगळीच्या मुळाखाली झिजून गुळगुळीत झालेला. म्हणजे अंगठा वाकत नाही म्हणून माणूस पायाच्या बाहेरच्या कडेवरून चालतो आहे. तळव्यावर घट्टेही त्याच हिशेबाने होते: एक करंगळीच्या मुळाखाली, दुसरा अंगठ्याच्या दोन पेरांमधल्या सांध्याखाली. मूळ सांधा वळत नाही, म्हणून पुढचे पेर उलटे वाकून ते काम करते.

साध्या चालण्यात टाच उचलताना मूळ सांधा साधारण ४० ते ६० अंश वर वळावा लागतो. इथे १५ अंशच उरले आहेत. उरलेले अंश सांध्याकडून जबरदस्तीने वसूल करायचे नसतील तर ती वळण्याची क्रिया बुटाच्या तळाला द्यावी लागते. तळ वाकणार नाही इतका ताठ करायचा आणि पुढून होडीसारखा वर घ्यायचा, म्हणजे पाय वाकण्याऐवजी बूटच पुढे डोलतो. रॉकर सोल म्हणतात तो हाच. ताठपणा आणि गोलाई या दोन्ही गोष्टी एकत्र लागतात. नुसता ताठ सोल टाच उचलू देत नाही. नुसता गोल पण लवचीक सोल सांध्याशीच वाकतो आणि केलेले काम वाया जाते.

पायात नेमके काय असते?

या विणकराला आधी एका ठिकाणाहून बूट सुधारून मिळाला होता. काम वाईट नव्हते. तरी दुखणे तसूभर हलले नाही. कारण दिवसाचे तास मोजले तेव्हा सापडले. बूट पायात असतो तो घरापासून मागापर्यंत आणि परत, मिळून चाळीस मिनिटे. मागाच्या खोलीत बूट दाराशी काढून ठेवायचा, आत अनवाणी किंवा पातळ रबरी स्लिपर. घरात अनवाणी. लग्नकार्याला, बाजाराला कोल्हापुरी. म्हणजे दहा तासांचे उभे काम होते ते शहाबादी फरशीवर, उघड्या पायाने.

सोलची रचना कितीही नेमकी असो, ती कोणत्या पायताणावर करायची हे चुकले तर बाकी सगळे चुकते. सीमाभागात हा प्रश्न प्रत्येक रुग्णाला विचारावा लागतो: सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत, कोणत्या जागी, पायात काय? उत्तर तासांमध्ये लिहून घ्यावे. या माणसासाठी दोन नग ठरले. बाहेरचा बूट, आणि मागाच्या खोलीतच राहणारी, बाहेर कधीच न जाणारी सँडल. "आत चप्पल घालत नाही" ही सवय मोडायची नाही. तिला मान देऊन आतले वेगळे पायताण द्यायचे. लोक ते आनंदाने वापरतात.

कोल्हापुरीबद्दल लगेच विचारणा होतेच, आणि ती साहजिक आहे. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला भौगोलिक मानांकन मिळाले त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर कर्नाटकातले बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूर हे चार जिल्हेही आहेत, आणि अथणी-निपाणीकडचे कारागीर पिढ्यान्‌पिढ्या ती घडवतात. पण या दुखण्याला ती चालत नाही. तळ चवड्याशी वाकतो, टाचेमागे पट्टा नाही, आणि अंगठ्याची वादी नेमकी दुखऱ्या अंगठ्यालाच धरते. वनस्पतीजन्य कमावलेल्या त्या चामड्याच्या तळाला खाली रॉकर चिकटवला तरी पावसाळ्यात चामडे फुगते, सुकताना आखडते आणि जोड सुटतो. समारंभाला तासभर घालायला हरकत नाही. कारागीर मात्र हेच गाठावेत. रापीने कड पातळ करणे आणि तळाच्या कडेने पक्का टाका घालणे त्यांच्याइतके कोणाला जमत नाही, आणि पुढे त्याच कामाची गरज पडते.

बूट निवडणे आणि सोल ओळखणे

नाडीचा, कातडी, पुढून उंच आणि रुंद, आतला तळ काढता येणारा बूट घ्यावा. जाळीदार कापडी बूट नको, वरचे अंग ताठ नसेल तर पाय आत सरकतो. तळ सपाट असावा. हवेचे कप्पे, पोकळ टाच असलेला सोल घासायला घेतला की मध्येच भोक पडते.

सोल कशाचा आहे हे आधी कळलेच पाहिजे. बाजारातले पुष्कळ सोल पीव्हीसीचे असतात आणि नेहमीचे पिवळे सोल्युशन त्यावर धरत नाही. पीव्हीसी मऊ ठेवणारे तेलकट द्रव्य हळूहळू बाहेर येते आणि गोंदाला सैल करते. चिकटवल्यावर आठवडाभर छान, तिसऱ्या आठवड्यात पापडासारखा सुटतो. ओळखायची सोपी रीत: तांब्याची तार लाल होईपर्यंत तापवून सोलच्या न दिसणाऱ्या कोपऱ्याला टेकवायची आणि पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर पीव्हीसी. हे उघड्यावर करावे, धूर घातक असतो. पीव्हीसीला पॉलियुरेथेनचा गोंद लागतो आणि तो गरम करून जोडावा लागतो. टीपीआर (थर्मोप्लास्टिक रबर) सोलला आधी प्रायमर, म्हणजे गोंदाआधीचा हात, लागतो. कपाटात चार वर्षे पडून राहिलेला पीयू (पॉलियुरेथेन) सोलचा बूट तर घेऊच नये. दमट हवेत पीयू आतून कुजतो. वरून नवाकोरा दिसतो आणि घासायला घेतला की भुगा होतो.

या प्रकरणात रबरी सोलचा कातडी बूट घेतला. बाहेरून लांबी २८५ मि.मी.

मापे

सांध्याची जागा उभे राहून, अंगावर पूर्ण भार घेऊनच काढायची. बसल्या पायाची लांबी कमी भरते. बूट घालून वरून चाचपडत सांधा शोधणे कातडी बुटात फसवे असते. त्यापेक्षा कुंकू तेलात कालवून सांध्याच्या बरोबर खाली, तळव्यावर एक ठिपका लावावा, बुटात पांढरा कागदी तळ ठेवावा, पाय घालून दहा पावले चालायला लावावे. कागदावर ठिपका उमटतो. ठिपका रेघोटीसारखा लांबट आला तर पाय आत सरकतो आहे. नाडी घट्ट करून पुन्हा करावे.

ठिपका टाचेच्या आतल्या कडेपासून १८४ मि.मी. आला. बुटाच्या मागच्या भिंतीची जाडी ८ मि.मी. मिळवली की बाहेरून १९२. आतले माप तसेच बाहेर धरण्याची चूक फार होते, आणि या कामात ८ मि.मी. म्हणजे थोडे नाही.

रॉकर जिथून वर उचलायला लागतो त्या रेषेला इथे वळणरेषा म्हणू. ती सांध्याच्या मागे हवी, म्हणजे सांध्यावर वाकायची वेळ येण्याआधीच बूट डोलू लागतो. इथे १५ मि.मी. मागे, १७७ वर, बुटाच्या लांबीच्या ६२ टक्क्यांवर. रेषा बुटाच्या मध्यरेषेला काटकोनात काढायची नाही. माणूस ज्या दिशेने चालतो तिला काटकोनात काढायची. या विणकराचा पाय चालताना सुमारे १० अंश बाहेर वळतो, तेवढी रेषा फिरवली. न फिरवता केले तर बूट डोलताना पाय आत किंवा बाहेर कलंडतो आणि संध्याकाळी गुडघा बोलू लागतो.

आता कोन. वळणरेषेपासून टोकापर्यंत १०८ मि.मी. उरतात. २० अंशांचा रॉकर हवा तर टोक ३९ मि.मी. उंच जावे लागेल, १५ अंशांना २९, १२ अंशांना २३. ३९ मि.मी.चा बूट घालून मागांच्या बोळात, जिन्यावर, दुचाकीवर वावरणे धोक्याचे, म्हणून १५ अंशांच्या आसपास थांबायचे ठरले. बुटाच्या टोकाला मुळातच १० मि.मी.ची उचल होती. खाली १८ मि.मी. ईव्हीए (सोलसाठीचा हलका फोम) आणि ४ मि.मी. रबर असे २२ मि.मी. वाढवले. ईव्हीए टोकाकडे शून्यावर आणला, पण ४ मि.मी. रबर टोकाशीही राहतेच. म्हणून खरी उचल २२ अधिक १० वजा ४, म्हणजे २८ मि.मी., आणि कोन साडेचौदा अंश. हे वजा ४ विसरले की कागदावर एक कोन आणि पायात दुसराच.

घडण

बुटाच्या मूळ सोलची नक्षी घासून सपाट केली. त्यावर टाचेच्या पुढच्या कडेपासून अंगठ्याच्या टोकाच्या अलीकडे १० मि.मी.पर्यंत १ मि.मी. जाडीची, २० मि.मी. रुंद स्प्रिंग स्टीलची पट्टी, अंगठ्याच्या रांगेखाली. टोके गोल घासलेली, नाहीतर ईव्हीए फाडून ती बाहेर येतात. कार्बन फायबरची पूर्ण लांबीची पट्टी हलकी आणि उत्तम, पण महाग. पट्टी बसवल्यावर बूट दोन्ही हातांनी वाकवून बघायचा. चवड्याशी अजून वाकतो असे वाटले तर पुढे जायचेच नाही.

ईव्हीए ५० ते ५५ शोअर कठीणपणाचा (शोअरचा आकडा मोठा तितका माल कठीण). मऊ घेतला तर दोन महिन्यांत वळणरेषेखाली दबतो आणि रॉकरचा आकारच जातो. दोन्ही पृष्ठभाग खरखरीत घासून, धूळ पूर्ण पुसून, प्रायमर आणि सोल्युशनचे दोन पातळ हात. पहिला हात पूर्ण सुकू द्यायचा, दुसरा १५ ते २० मिनिटे. बोटाला चिकटल्यासारखे वाटते पण बोटावर येत नाही, तेव्हा जोडायचे. जुलैत बेळगावात हवा ओली असते, तेव्हा घड्याळ बाजूला ठेवून बोटाचाच विश्वास धरावा. घाई केली तर आत अडकलेला द्राव जोड कच्चा ठेवतो. जोडल्यावर हातोडीने मधून कडेकडे ठोकत जायचे, आणि चोवीस तास पायात नाही.

टाचेलाही तेवढेच २२ मि.मी. वाढवायचे, नाहीतर टाच खाली आणि चवडा वर अशी उलटी चढण होते. टाचेची मागची कड ६ मि.मी. तिरकी घासली, म्हणजे पाऊल टेकताना धक्का कमी.

सांध्यावरच्या उंचवट्याजागी बुटाचे कातडे आतून ओले करून लाकडी गोळा दाबून रात्रभर ठेवले. आतल्या तळाला ५ मि.मी. मऊ ईव्हीए, २५ ते ३० शोअर, करंगळीच्या घट्ट्याखाली ३ मि.मी. खोलगट.

काय बिघडले

पहिल्या वेळी वळणरेषा १७७ वर न घासता १९२ वर, सांध्याच्या अगदी खालीच ठेवली होती. हे चुकून नव्हे, ठरवूनच केले होते. रेषा मागे न्यायची तर फक्त घासावे लागते, पुढे आणायची तर पुन्हा माल चिकटवावा लागतो. म्हणून पुढून सुरुवात करून मागे येणे शहाणपणाचे. पण त्या वेळी खालचे रबरही पक्के चिकटवून टाकले. दोन दिवसांनी दुखणे जसेच्या तसे. रेषा सांध्याखाली असल्याने आधी सांधा वाकतो, मग बूट डोलतो. मागे न्यायला रबर उखडावे लागले आणि त्याबरोबर ईव्हीएची कातही निघाली. नुसत्या ईव्हीएवर, रबराशिवाय, स्वच्छ फरशीवर पंधरा मिनिटे चालवून रेषा ठरवायची आणि मगच रबर लावायचे.

दुसरी गोष्ट. सुरुवातीला फक्त उजवा बूट सुधारला. २२ मि.मी. एका बाजूला उंच झाल्यावर आठवड्यात कंबर धरली. डाव्या बुटालाही तेवढीच जाडी दिली, पुढून सौम्य गोलाई ठेवून. खर्च वाढतो म्हणून रुग्ण इथे नको म्हणतात. तेव्हा एकच बूट करून देण्यापेक्षा थोडे थांबलेले बरे.

तिसरी, जी कोणाच्या डोक्यात आली नव्हती. मोटारसायकलचा मागचा ब्रेक उजव्या पायाखाली असतो. जाड सोलमुळे पाय नुसता टेकवला तरी ब्रेक दाबला जात होता, मागचा लाल दिवा सतत पेटलेला. गॅरेजमध्ये पेडलची उंची खाली घेऊन घेतली. रॉकर सोल देणाऱ्याने दुचाकीची चौकशी पहिल्याच दिवशी करावी.

टोकाचे रबर पहिल्याच पावसात उचकटले. रॉकरचे टोक जमिनीला घासत पुढे जाते, तिथला जोड सगळ्यात आधी हार मानतो. मग रबर टोकावरून १० मि.मी. वर घेऊन कडेने दोऱ्याचा टाका घातला. रापी आणि आरी धरणाऱ्या कारागिराचे हेच काम. त्यानंतर जोड सुटला नाही.

मागाच्या खोलीतली सँडल

रचना तीच. खाली ताठ ईव्हीएचा रॉकर आणि पोलादी पट्टी, वर पायाखाली ८ मि.मी. एमसीआर, १५ ते २० शोअरचा. कुष्ठरोगाच्या आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी भारतात वर्षानुवर्षे वापरात असलेले हे सूक्ष्मछिद्री रबर. टाचेमागे पट्टा हवाच, कारण रॉकरवर पाय डोलताना सैल सँडल मागे पडते.

पट्ट्यांना आधी वेल्क्रो लावला होता. सुताच्या तुसांनी तो चार दिवसांत भरून गेला आणि पट्टा धरेना. बक्कल लावले. फरशीवर मागाचे तेल सांडलेले असते. नैसर्गिक रबर खनिज तेलाने फुगते आणि गुळगुळीत होते, म्हणून खालचा थर नायट्राइल रबराचा, आडव्या खाचांचा.

एक अडचण सोलने सुटणारी नव्हती. तुटलेला धागा जोडायला विणकर मागावर ओणवा होतो, चवड्यावर उठतो, आणि त्याच क्षणी अंगठा सर्वांत जास्त वळतो. रॉकरवर चवड्यावर उठलेला माणूस डळमळतोही. मागाच्या समोर, मागाच्या पूर्ण रुंदीची, १० से.मी. उंच लाकडी फळी बसवून घेतली. पूर्ण रुंदीचीच हवी. अर्धवट फळीची कड बोळात ठेच लावते. हात ताण्यापर्यंत, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांपर्यंत, सरळ पोचू लागला आणि चवड्यावर उठणे थांबले. या फळीचा उपयोग सोलपेक्षा कमी झाला असे म्हणता येणार नाही.

वापर आणि देखभाल

पहिल्या दिवशी एक तास, मग रोज तासभर वाढ. रोज रात्री पाय बघायचा. पायताण काढल्यावर अर्ध्या तासात न जाणारी लाली दिसली तर तिथे घासायचे किंवा खोलगट करायचे, रुग्णाला "सवय होईल" म्हणून परत पाठवायचे नाही. पोटऱ्या पहिले आठ-दहा दिवस भरून येतात, ते चालते. तोल जाण्याची भीती वाटत असेल, आधी पडलेला माणूस असेल, तर मात्र रॉकर देताना दहा वेळा विचार करावा.

सहा आठवड्यांनी हे विणकर पूर्ण पाळी करतात, मध्ये एकदा बसून. चढणीची कळ बोथट झाली आहे. उकिडवे बसता अजून येत नाही आणि येणारही नाही, कारण सांध्याची झीज सोलने भरून येत नाही. त्यांना हे पहिल्याच दिवशी सांगितले होते. पाय हलवला नाही तरी, रात्री झोपेतही दुखू लागले, तर हाडाची चोच काढणे किंवा सांधा कायमचा जोडून टाकणे या शस्त्रक्रियांसाठी अस्थिरोगतज्ज्ञाकडे जायचे, हेही तेव्हाच ठरले.

देखभालीसाठी बुटाच्या अंगठ्याकडच्या बाजूला, ईव्हीएच्या कडेवर, वळणरेषेच्या जागी शाईने एक उभी रेघ आणि रबराच्या ४ मि.मी. जाडीच्या मध्यावर एक आडवी रेघ काढून दिली आहे. झीज आडव्या रेघेला टेकली की बूट घेऊन यायचे. उभी रेघ राहिली पाहिजे, म्हणजे नवे रबर लावणाऱ्याला, तो दुसराच कोणी असला तरी, कोन पुन्हा कुठून धरायचा ते कळते.